अंबुजाअक्कांचं पुढचं दार

अंबुजाअक्का हयात आहेत, हे आधी सांगून टाकते. त्यांचा धंदा कळला की ऐकणारा आपोआप भूतकाळात बोलायला लागतो आणि चेहरा लांब करतो. तशी गरज नाही. अक्का ठणठणीत आहेत आणि तंजावुरात रोज सकाळी कुणाच्या ना कुणाच्या वडिलांसाठी वडे तळत आहेत.

त्या श्राद्धाचा स्वयंपाक करतात. फक्त श्राद्धाचा. लग्न, मुंज, बारसं यांतलं काही नाही. मिरचीऐवजी मिरी, हिंग अजिबात नाही, कारलं, कच्चं केळं, सुरण, उडदाचे वडे, घारगे, खीर, तिळाचे लाडू. एवढ्यावर त्यांनी जन्म काढला आहे.

मी मूळची सांगलीची. माझ्या सासरची माणसं भोसल्यांच्या काळात कारकुनी करायला तंजावुरात आली आणि परत जायचं राहून गेलं. लग्न होऊन मी इथे आले, त्या वर्षीच सासऱ्यांचं श्राद्ध आलं. सकाळी मागच्या दाराने एक उंच, हाडकुळी बाई आत आली. अंगावर फिकट नऊवारी, हातात वेताची पिशवी, पिशवीतून बाहेर डोकावणारा स्वतःचा झारा. तिने स्वयंपाकघरात एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "सगळे बाहेर."

सासूबाई बाहेर आल्या. सासूबाईंना स्वतःच्या स्वयंपाकघरातून बाहेर काढणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. तेव्हाच मला या बाईबद्दल आदर वाटू लागला.

दुपारी सगळं आटोपलं. अक्कांनी झारा धुतला, पुसला, पिशवीत उभा केला आणि मागच्या दाराकडे निघाल्या. घरातली सगळी माणसं जिथे होती तिथे उठून उभी राहिली, पण बोललं कुणीच नाही. मला वाटलं, काय ही माणसं, एवढं राबून बाई चालली आणि एक शब्द नाही. मी सांगलीच्या रीतीप्रमाणे मोठ्याने म्हणाले, "अक्का, पुन्हा या हं!"

सासूबाईंनी डोळे मिटले. अक्का वळल्या.

"ही सून कुठली?"

"सांगलीची," सासूबाई म्हणाल्या. तब्येतीची तक्रार डॉक्टरांना सांगावी तशा आवाजात.

"तसं कां." मग माझ्याकडे पाहून, "ऐक, सांगली. श्राद्धाच्या घरीं ये म्हणूं नये, येत्ये म्हणूं नये. तिथी आली की मी आपण येत्ये. मज बोलावणं नको."

आणि गेल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'सांगली'च आहे. माझं खरं नाव त्यांना ठाऊक आहे की नाही, कुणास ठाऊक.

त्यांचं मराठी ऐकायला मजा येते. शब्द आजीच्या आजीचे, चाल तमिळची, वाक्याच्या शेवटी सूर वर. 'मला' म्हणत नाहीत, 'मज' म्हणतात. 'कशाला' नाही, 'कशास'. आमच्या मुलीला ती सगळी भाषा कळे आणि ती उत्तरं तमिळमधून देई. अक्कांना त्याचं काही वाटत नसे. "कळतं ना? पुरे," म्हणायच्या. "पितरांस तेवढंही कळायचं नाही."

पुढे घरं लहान होत गेली. फ्लॅटमध्ये होम केला की धुराचा अलार्म वाजतो आणि शेजारी वर येतात. तेव्हा अक्कांनी जुन्या गावात एका मोठ्या घराचा मागचा भाग भाड्याने घेतला. एक स्वयंपाकघर, एक सोपा, वर गच्ची. लोक भटजींना घेऊन तिथेच यायचे, श्राद्ध करायचे, जेवायचे, आपापल्या घरी जायचे. हाताखाली कमलम नावाची एक बाई होती. ती पन्नाशीची असूनही अक्का तिला 'पोरी' म्हणायच्या. कमलम अक्कांना घाबरायची आणि बाकी कुणालाच नाही.

घराचा मालक मुरली. तमिळ माणूस, चाळिशीचा, उत्साही. वडिलांनी अक्कांना जागा दिली होती, ती त्याने चालू ठेवली. पण घराचा पुढचा भाग त्याने रंगवून, दिवे लावून 'मिनी हॉल' केला. साखरपुडे, वाढदिवस, डोहाळजेवणं. दोन्हीकडे जायचं दार मात्र एकच होतं. रस्त्यावरचं, पुढचं, दोन फळ्यांचं.

अडचण लगेच सुरू झाली. साखरपुड्याच्या दिवशी उंबऱ्यासमोर हातभर रंगीत कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, पाहिजे. श्राद्धाच्या दिवशी कार्य संपेपर्यंत दारात कोलम काढायचा नाही. मुरलीची कामवाली पहाटे कोलम काढून जायची, कमलम येऊन पुसायची. मुरली आला की पुन्हा काढून घ्यायचा. एकदा तर सकाळी साडेनवापर्यंत तीनदा काढलेला, तीनदा पुसलेला मी स्वतः पाहिला आहे. मी तिथे मुरलीच्या परवान्याचे कागद घेऊन गेले होते. लहान धंदेवाल्यांचे कर आणि परवाने बघायचे, हे माझं काम. त्यामुळे गावातल्या पुष्कळ दारांतून माझं जाणं-येणं होतं.

मग मामांचं प्रकरण झालं.

पुढे साखरपुडा, मागे पापनाशमच्या एका निवृत्त बँक मॅनेजरांच्या वडिलांचं श्राद्ध. नवऱ्या मुलाचे मामा, जुन्या वळणाचे, धोतर-उपरणं, कपाळावर भस्म, तुपाच्या वासामागे चालत चालत मागच्या सोप्यात आले. तिथे तीन पानं मांडलेली, दोघे बसलेले. तिसरे भटजी तिरुवैयारूहून यायचे होते, त्यांची बस चुकली होती. अक्कांनी मामांकडे पाहिलं आणि पानाकडे बोट दाखवलं.

"उशीर केलास. बैस."

मामा बसले. कुणी बोलत नव्हतं, तेव्हा तेही बोलले नाहीत. वडीलधाऱ्यांची वेगळी पंगत आहे, अशी त्यांची समजूत झाली. त्यांच्या हातावर पाणी घातलं, त्यांनी घालू दिलं. बोटात दर्भाचं पवित्रक घालायला दिलं, त्यांनी घातलं. मंत्र म्हणायला सांगितले तेवढे म्हटले. पोटभर जेवले. शेवटी मॅनेजरांनी त्यांना तृप्त झालात का विचारलं, ते मनापासून हो म्हणाले. नवं धोतर आणि दक्षिणा घेऊन ते पुढच्या हॉलमध्ये परत गेले आणि सगळ्यांना म्हणाले, "पुढचं जेवण राहू द्या. मागचं फर्स्ट क्लास आहे. शिवाय धोतर देतात."

पुढे काय झालं असेल ते सांगत नाही. मुलाची आई मागे धावत आली.

"माझ्या भावाला तुम्ही कुणाचा बाप म्हणून जेवू घातलंत?"

"यांच्या," अक्कांनी मॅनेजरांकडे बोट दाखवलं. मॅनेजर खांबामागे गेले.

"हे अशुभ आहे!"

"पोट भरलं कां त्याचं?"

"ते... भरलं म्हणतोय."

"गच्चीवर कावळा येऊन पिंड घेऊन गेला. वरचा तृप्त, खालचा तृप्त. आता रडतं आहे कोण?"

हे सगळं तमिळमध्ये झालं. मी थोडं सौम्य करून सांगते आहे.

साखरपुडा मोडला नाही. मामांनीच मोडू दिला नाही म्हणे. पण मुरलीने त्याच आठवड्यात मला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर अक्कांना सांगितलं.

"अक्का, मी तुम्हाला जा म्हणत नाही. मागच्या गल्लीत भिंत पाडून तुम्हाला वेगळं दार करून देतो, माझ्या खर्चाने. तुमची माणसं तिकडून येतील-जातील. पुढून फक्त फंक्शनवाले."

मला हे अगदी रास्त वाटलं. मी तसं म्हणालेही.

"नको," अक्का म्हणाल्या.

"का नको?"

"मज पुढचं दार पाहिजे."

"अक्का, तुमच्या धंद्याला नाव नाही, बोर्ड नाही. मागे काय चालतं म्हणून लोकांनी विचारलं तर मी काय सांगू?"

"श्राद्ध चालतं म्हण."

"साखरपुड्याचं बुकिंग करायला आलेल्यांना?" मुरलीने हात जोडले. मग सुटका करून घ्यायला हसत म्हणाला, "असं करा. आपल्या व्यापारी संघाचा पुरस्कार असतो ना दरवर्षी, तो मिळवून आणा. पुरस्कारवाला धंदा म्हणून तुमचा बोर्ड माझ्या बोर्डाशेजारी लावतो. नाही तर पोंगल झालं की मागचं दार."

"पुरस्कार आणला तर पुढचं दार?"

"पुढचं दार."

"ह्या सांगलीसमोर म्हणतोस?"

"म्हणतो, अक्का."

मुरली विनोद करत होता. अक्कांना विनोद कळत नाही असं नाही. त्या तो लक्षात ठेवतात.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. घरी श्राद्ध नव्हतं म्हणून पुढच्या दाराने. संघाचं माहितीपत्रक त्यांनी आधीच पैदा केलं होतं. जिल्ह्यातल्या स्थानिक उद्योगांसाठी पुरस्कार. उत्पादन, व्यापार, सेवा, महिला उद्योजक. मी म्हणाले, "अक्का, मागच्या दाराने तुमचं काय बिघडतं? उलट भांडी न्यायला सोपं."

त्या वेळी त्यांनी नुसतं माहितीपत्रक माझ्यापुढे सरकवलं. पुढे एकदा, कारली चिरताना, मान वर न करता म्हणाल्या, "सोळाव्या वर्षीं मी विधवा झाल्ये. कुणी शुभकार्यास निघालं, की मज म्हणत, तूं आत जा. मी आत गेल्ये. आत चूल होती. मग लोकांच्या घरीं गेल्ये, तिथेही मागून आत, मागून बाहेर. ते रीतीचं आहे, त्यास मी नाही म्हणत नाही. पण माझ्या भाड्याच्या जागेंत मी मागून कशास जाऊं?"

आणि बिया काढलेलं कारलं कमलमकडे सरकवलं. हा विषय नंतर कधी निघाला नाही.

अर्ज भरायला बसलो. पहिला रकाना, उद्योगाचं नाव.

"अंबुजाबाई, श्राद्धाचा स्वयंपाक."

"अक्का, आपण 'पारंपरिक भोजन सेवा' लिहू या."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तेच. जरा बरं दिसतं."

"मी काय चोरी करत्ये? श्राद्ध लिही."

लिहिलं. पुढचा रकाना, ग्राहकवर्ग. मी विचारलं, यजमान लिहू का? अक्कांनी विचार केला. "जेवतात भटजी. सांगतो यजमान. पोचतं पितरांस. तिघांतला ग्राहक कोण ते त्यांनींच ठरवावं." मी 'सर्व वयोगट' असं लिहिलं.

जुने ग्राहक किती टिकतात, असाही प्रश्न होता. इथे मात्र अक्कांची बाजू भक्कम होती. त्यांच्याकडे एकदा आलेलं घर सुटत नसे. अमेरिकेतल्या मुलांना बापाची तिथी आठवत नाही, ती अक्कांना आठवते. त्या फोन करतात. "पुढच्या गुरुवारीं तुझा बाप. तीळ मी आणत्ये, तूं स्नान करून व्हिडिओवर बैस," एवढं बोलून ठेवून देतात. अमेरिकेत तेव्हा रात्र असते की दिवस, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही.

विस्ताराच्या योजना काय, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "माणसं मरतील तसं." ते मी लिहिलं नाही. हा एक बदल मी माझ्या अधिकारात केला.

खरी अडचण आली शिफारसपत्रांची. समाधानी ग्राहकांची तीन पत्रं जोडायची होती. मी फोन करायला सुरुवात केली. पापनाशमचे बँक मॅनेजर म्हणाले, "अक्कांसाठी काय वाटेल ते करीन. पण लिहू काय? 'वडिलांच्या श्राद्धाची उत्तम सोय झाली, सर्वांनी अवश्य लाभ घ्यावा'?" एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या की श्राद्धाच्या जेवणाला नावं ठेवायची नसतात तशी स्तुतीही करायची नसते, आणि मी गावात राहून हे मला कसं ठाऊक नाही. फोटोही जोडायचे होते. श्राद्धाचे फोटो कुणी काढत नाही. या धंद्यात गिऱ्हाईक शंभर टक्के समाधानी असतं आणि पुरावा शून्य असतो.

शेवटी तिरुवैयारूचे एक वीणाशिक्षक तयार झाले. फार भिडस्त गृहस्थ. "चवीबद्दल लिहिता येणार नाही," म्हणाले, "पण खरं तेवढं लिहितो." त्यांचं पत्र आलं. पूर्ण पत्र असं होतं: 'अंबुजाबाई वेळेवर येतात.' खाली सही.

तेवढं एकच पत्र जोडून मी अर्ज पाठवला. माझ्या मते प्रकरण संपलं होतं. मुरलीच्या मते तर सुरूच झालं नव्हतं. त्याने मागच्या गल्लीतल्या भिंतीवर खडूने दाराची आकृती काढून ठेवली होती. अक्का रोज कमलमला ती पुसायला लावायच्या. कोलमचा सराव होताच.

पण परीक्षक आले. सेवा विभागातल्या सगळ्यांकडे जातात, तसे अक्कांकडेही आले. एक संघाचे अध्यक्ष, लॉऱ्यांचे मालक, पांढरा शर्ट, पांढरं वेष्टी-धोतर, खिशात दोन फोन. दुसऱ्या, कॉलेजात मॅनेजमेंट शिकवणाऱ्या एक बाई. मी हजर होते, कारण अक्कांनी मला 'येऊन बैस' म्हटलं होतं. त्या दिवशी कार्य नव्हतं, तरी दारात कोलम नव्हता. मुरलीही आला होता आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "मॅडम, हे खरंच आले?"

बाईंनी विचारलं, "ग्राहकांचा अभिप्राय तुम्ही कसा घेता?"

"कावळ्याकडून," अक्का म्हणाल्या.

बाईंनी वहीतून डोकं वर काढलं.

"पिंड गच्चीवर ठेवायचा. कावळा आला तर बरं झालं. नाही आला तर कायतरी राहिलं आहे. मग यजमानास विचारायचं, बापाचं काय राहिलं होतं? त्यास आठवतं. कबूल करतो. कावळा येतो."

"आणि कधी आलाच नाही तर?"

"एकदा नव्हता आला."

"मग काय केलंत?"

"खीर पुन्हा केल्ये."

बाईंनी ते लिहून घेतलं. अध्यक्षांनी विचारलं, जाहिरात कशी करता? अक्का म्हणाल्या, करत नाही. का नाही? अक्का त्यांच्याकडे वळल्या.

"काय म्हणूं? लवकर या म्हणूं?"

अध्यक्षांनी एक फोन खिशातून काढून पुन्हा खिशात ठेवला. मग पान मांडलं, तेव्हा दोघं जेवली. अध्यक्षांनी वडा तिसऱ्यांदा घेतला आणि काही तरी बोलायला तोंड उघडलं. अक्कांनी डाव्याने खूण केली, बोलायचं नाही. त्यांनी तोंड मिटलं आणि खाली मान घालून चौथा घेतला.

निघताना ते सवयीने म्हणाले, "बरंय अम्मा, येतो." तमिळमध्ये जातो म्हणत नाहीत, जाऊन येतो म्हणतात.

"तसं म्हणूं नका," अक्का म्हणाल्या. "नुसतं निघा."

जिल्ह्यातल्या लॉऱ्यांच्या त्या मालकाला आयुष्यात कुणी 'नुसतं निघा' म्हटलं नसावं. ते निघाले. पुढच्या दारापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मुरली माझ्याकडे पाहून म्हणाला, "झालं. गेला पुरस्कार." त्याच्या आवाजात आनंद होता असं म्हणवत नाही, पण त्याने खिशातला खडू काढला.

समारंभ मार्गशीर्षात, एका मोठ्या लग्नाच्या हॉलमध्ये होता. पोंगल महिन्यावर आलं होतं. अक्का धुतलेली नऊवारी नेसून आल्या होत्या. झारा घरी ठेवला होता, पण वेताची पिशवी होती. मी त्यांच्या शेजारी बसले होते. मागच्या रांगेत मुरली. सूत्रसंचालन करायला एफएमवरची एक मुलगी आणली होती. ती दर नावाला "जोरदार टाळ्या!" म्हणायची आणि लोक वाजवायचे.

सेवा विभागाचं पहिलं बक्षीस एका ड्रायव्हिंग स्कूलला मिळालं. दुसरं कपडे धुणाऱ्या एका कंपनीला. मुरलीने मागून माझ्या खुर्चीवर हात ठेवला आणि सुस्कारा सोडला. अक्का समोर बघत होत्या. त्यांचा चेहरा तेल तापायची वाट बघताना असतो तसा होता.

मग अध्यक्ष स्वतः माइकपाशी आले. म्हणाले, या वर्षी एक विशेष सन्मान आहे, आधी ठरलेला नव्हता. एका उद्योगाला कुठल्या विभागात बसवायचं ते आम्हाला कळलं नाही, आणि वगळायचं कसं तेही कळलं नाही. एवढं बोलून ते थांबले. एफएमवाल्या मुलीने कागदावरून वाचलं, "अंबुजाबाई, श्राद्धाचा स्वयंपाक! जोरदार टाळ्या!"

एकही टाळी वाजली नाही.

हॉलमध्ये पुढच्या सहा-सात रांगांत गावातली जुनी घरं होती. डॉक्टरीणबाई होत्या, वीणाशिक्षक होते, मॅनेजर बायकोला घेऊन आले होते. या माणसांनी अक्कांना जाताना अनेकदा पाहिलं होतं आणि त्या वेळी काय करायचं हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. अक्का खुर्चीवरून उठल्या आणि ती सगळी माणसं उठून उभी राहिली. गप्प. मागच्यांना वाटलं, राज्यगीत सुरू होतंय, म्हणून तीही उठली. मग सगळा हॉल उभा. मुलगी माइकवर बोट वाजवून बघत होती. मीही उभी होते. सवय. वळून पाहिलं तर मुरलीही उभा होता. आपण का उभे आहोत हे त्याच्या नंतर लक्षात आलं आणि मग त्याला बसताही येईना.

अक्का मंचावर गेल्या. काचेची ढाल घेतली, उलटी करून बूड कसं आहे ते पाहिलं, पिशवीत उभी ठेवली. बक्षीस घेतलेले सगळे मंचाच्या मागच्या जिन्याने उतरत होते. स्वयंसेवकाने अक्कांना तिकडे हात दाखवला.

"इकडून नव्हे," अक्का म्हणाल्या. माइक चालू होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं. "मी पुढून जात्ये."

आणि पुढच्या पायऱ्या उतरून, मधल्या वाटेने, दोन्हीकडे उभ्या असलेल्या माणसांमधून चालत हॉलच्या मोठ्या दाराने बाहेर गेल्या. मागे वळून पाहिलं नाही. मला रिक्षा शोधायला त्यांच्यामागे धावावं लागलं.

मुरली शब्दाचा पक्का निघाला. पक्का नसता तरी साक्षीला मी होते. पोंगलच्या आधी पेंटर आला. मुरलीने शेवटचा प्रयत्न करून पाहिला.

"अक्का, बोर्डवर 'अंबुजा केटरर्स' लिहू या?"

"केटरर म्हणजे लग्नाचा. मुरली, लोक पुन्हा चुकतील. तुजकडचे मामा पुन्हा माझ्या पानावर येतील."

त्याला पटलं. बोर्ड झाला. काळ्यावर पांढरी तमिळ अक्षरं: अंबुजाबाई, श्राद्धाचा स्वयंपाक. मुरलीच्या लुकलुकणाऱ्या बोर्डाच्या शेजारी तो परीक्षेला बसल्यासारखा दिसत होता. पण पेंटर गावातल्या प्रत्येक बोर्डाच्या खाली लिहितो ते त्याने इथेही, कुणी न सांगता, पिवळ्या रंगात लिहून टाकलं होतं: 'धन्यवाद, पुन्हा या.'

अक्कांनी ते वाचलं. पेंटरला शिडीवरून खाली बोलावलं.

"तुझा बाप आहे कां?"

"आहे, अम्मा."

"मग पूस ते."

त्याने रॉकेलचा बोळा घेतला आणि पुसलं.

उंबऱ्याचा प्रश्न कोलमवाल्या बाईनेच सोडवला. श्राद्ध आणि साखरपुडा एकाच दिवशी आले की ती डाव्या फळीसमोर कोलम काढते आणि बरोबर मध्यावर थांबते. अर्धं कमळ, अर्धी कोरी फरशी. नवरा-नवरी डावीकडून जातात, दर्भवाले उजवीकडून. माझ्या माहितीत अजून कुणी चुकलेलं नाही. त्या पहिल्या साखरपुड्याचे मामा मात्र अधूनमधून उजवीकडून डोकावतात असं कमलम सांगते.

आम्ही तंजावूर सोडून कोइमतूरला मुलीजवळ राहायला आलो. निघायच्या दिवशी सामान पुढे गेलं होतं. मी रिक्षा जुन्या गावातून घ्यायला लावली. अक्का पुढच्या पायरीवर उभ्या होत्या, हातात झारा, केळीची पानं घेऊन येणाऱ्या कमलमला पाय कुठे ठेवायचा ते सांगत होत्या. आत कुणाचं तरी कार्य होतं. उजवीकडे फरशी कोरी होती.

मी रिक्षातून उतरले. काय म्हणायचं ते ठरवलेलं नव्हतं. येते म्हणता येत नव्हतं, या म्हणता येत नव्हतं.

"तुझ्या सासऱ्यांची तिथी माघांत," अक्का म्हणाल्या. "कोइमतूरास तीळ बरे नसतात. मी पाठवत्ये."

"बरं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि वळून पुढच्या दाराने आत गेल्या. त्या सोप्यापलीकडे दिसेनाशा होईपर्यंत मी उभी राहिले. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

बसताना बोर्डाकडे लक्ष गेलं. पेंटरने पिवळा रंग नीट पुसला नव्हता. ऊन तिरकं पडलं होतं, त्यात खालची ओळ अजून स्पष्ट वाचता येत होती.

मी अक्कांना हाक मारून सांगितलं नाही.